तुझ्याकडे पाचच सकाळी आहेत

अगं, तुझ्या पक्षी बघायच्या ट्रिपची ती एक्सेल शीट काल रात्री उघडली. ६ दिवस, ७ ठिकाणं, शेवटच्या कॉलममध्ये टार्गेट २०० स्पीशीज आणि तळाला लाल अक्षरात 'काका, यातलं काय काढू तेच कळत नाहीये'. ते लाल वाक्य वाचून जरा बरं वाटलं, नाहीतर तोवर मी चिडलोच होतो.

आधी ठिकाणांचा कॉलम झाकून ठेव आणि हातात सकाळी किती आहेत ते मोज. उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत, तीच खरी ट्रिप, संध्याकाळचा तास-दीड तास वरचा. पहिला दिवस जाण्यात जाणार म्हणजे तुझ्या हातात ५ सकाळी, आणि त्यातल्या ३ तू गाडीत बसून घालवणारेस! सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून पहाटे ५ ला निघून उजनी धरणाच्या काठचं भिगवण, असं लिहिलंयस. का? दुपारी निघ ना. दुपारी माळावर ऊन तापून हवा अशी थरथरायला लागते की दुर्बिणीतून चंडोल आणि ढेकूळ सारखेच दिसतात. प्रवास दुपारी, कायम दुपारी.

आणि एका अधिवासाला कमीत कमी दोन सकाळी. पहिली सकाळ जागा समजून घेण्यात जाते, दिसायला लागतं ते दुसऱ्या दिवशी. धाविक पाहिलायस का कधी? मातीच्याच रंगाचा पक्षी, तुरूतुरू पळतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो आणि परत ताठ उभा. उभा राहिला की गायब, डोळ्यासमोर असून दिसत नाही. पहिल्या सकाळी मला एकही दिसला नव्हता, दुसऱ्या दिवशी त्याच बाभळीखाली बसलो आणि तासाभराने कळलं की समोरच्या काळ्या-करड्या दगडांतले चार दगड धाविक आहेत. ते तिथेच होते गं, आदल्या दिवशीपण असणार.

हे सगळं एवढं तावातावाने का सांगतोय तेपण सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी तुझ्यासारखाच प्लॅन घेऊन मी नान्नजला होतो. वनरक्षक म्हणाला, साहेब अर्धा तास थांबा, माळढोक त्या पलीकडच्या उतारावरून बाहेर येतो या वेळेला. मी घड्याळ बघितलं. भिगवणला नाववाल्याला वेळ दिलेली होती. मी निघालो. भिगवणला फ्लेमिंगो दिसले, भरपूर दिसले, आणि फ्लेमिंगो मी त्यानंतर पन्नास वेळा तरी पाहिलेत. माळढोक आजपर्यंत नाही. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली त्याच्यासाठीच झालं आणि आता तिथे तो दिसणं जवळपास संपलंय. नाववाला थांबला असता ना, एक फोन करायचा होता फक्त.

असो. तुझ्या शीटकडे येतो.

तिबोटी खंड्या कर्नाळ्याला डिसेंबरात लिहिलायस, तो पावसाळ्यातला पाहुणा, जून ते सप्टेंबर, ते काढच. ठाणे खाडीला सकाळचा नियम चालत नाही, तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं, ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी खायला पसरतात. म्हणजे तिथेही वेळ त्यांचीच, तुझी नाही. ती एका रविवारी स्वतंत्र कर.

मेळघाट एका रात्रीसाठी, रानपिंगळा, ते छोटं घुबड, बघायला? १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षं तो कुणाला सापडला नव्हता, १९९७ ला शहाद्याजवळ सापडला. मधल्या काळात एका ब्रिटिश अधिकाऱ्याने चोरलेल्या नमुन्याला खोटं लेबल लावल्यामुळे लोक भलतीकडेच शोधत राहिले. त्याला तू एक मुक्काम देणार? मेळघाटला जा, पण पाच सकाळी फक्त त्याच्यासाठी घेऊन जा.

आंबोलीपण आत्ता नको. घाटातल्या जंगलात पाऊण तास काहीच हलत नाही, आणि मग एकदम मिश्र थवा येतो, निखार, नाचण, कोतवाल, सुतार, सगळे एकाच झाडावर, कुठे बघू कळत नाही, पाच मिनिटांत थवा पुढे. लोक नेमके त्या पाऊण तासात कंटाळून निघून जातात. घाईची ट्रिप असेल तर तूही जाशील.

मग उरलं काय? नान्नज २ सकाळी, भिगवण ३. वैतागू नकोस. तुला व्हेरायटी हवीय ना, भिगवणच्या एका मुक्कामात उजनीचं पाणी आहे, चिखल आहे, उसाची शेतं आहेत, काठावरच्या गवतात हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब चरताना दिसतील, आणि एक सकाळ कडबनवाडीच्या माळाला दे, तिथे चिंकारापण दिसेल. फक्त निघायच्या आधी पाणी किती आहे ते विचार. धरण तुडुंब असेल तर फ्लेमिंगोंना उथळ चिखल मिळत नाही, मग ते पाणी उतरल्यावर येतात, कधीकधी पार फेब्रुवारीत. डिसेंबरात नसले तर नशिबाला दोष देऊ नकोस.

माझी लिस्ट छोटी आहे हे तुमच्या ग्रुपवर बोललं जातं, माहितीये मला. आहेच छोटी. पण त्यातला प्रत्येक पक्षी मी खाताना, भांडताना, पिल्लाला भरवताना पाहिलाय, गाडीच्या काचेतून टिक केलेला एकही नाही, आणि यात मी कमी पडलो असं मला वाटत नाही. २०० चा आकडा पुसून टाक. मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणारा गाईड भेटला तर सरळ नाही म्हण, ते लोक घाईतल्या गिऱ्हाईकांसाठीच करतात ते.

नवीन शीट रविवारपर्यंत पाठव, पहिला कॉलम सकाळींचा. आणि नान्नजला वनरक्षक भेटला तर त्याला विचार कुठे थांबू, आणि तो म्हणेल तितका वेळ थांब. काही दिसलं नाही तरी संध्याकाळी फोन कर.