मन, झोप आणि व्यायाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. वय 44. पाळी संपली तरी मागांचा खडखडाट डोक्यातून जात नाही, घरी चिडचिड होते, झोप लागत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज भरभर चाला. दिवसभर उभाच असतो, मग वेगळा व्यायाम कशाला?

उत्तर : कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा. मागांमध्ये तुम्ही चार पावलं चालता, थांबता, तुटलेला धागा सांधता, पुन्हा चालता. पाय भरून येतात, पण नाडी सलग वाढलेली राहत नाही. वर कान आणि डोळे कायम सावध. म्हणजे शरीर थकतं, पण मनावरचा ताण उतरतच नाही. भरभर चालताना ठोके वाढतात आणि थांबल्यावर शांतपणे उतरतात. हे रोज घडलं की ताणातून लवकर सावरायची शरीराला सवय लागते. झोपही गाढ होते, आणि चिडचिड बरीचशी अपुऱ्या झोपेचीच असते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पण तिथून सुरुवात करू नका. पहिला आठवडा रोज 10 मिनिटं, मग दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवा. पाचव्या आठवड्यात अर्ध्या तासावर याल. आठवड्यातले पाच दिवस पुरेत. वेग किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. बहुतेकांचं बिनसतं ते पहिल्याच रविवारी. उत्साहात तासभर पळतात, सोमवारी नडग्या ठणकतात आणि व्यायाम कायमचा सुटतो. चपला घालून चालणं हेही दुखण्याचं नेहमीचं कारण. बूट महागडे नकोत, टाच घट्ट धरणारे हवेत.

दिवसपाळी असेल तर सकाळी सातच्या आत सिद्धेश्वर तलाव किंवा कंबर तलावाचा परिसर गाठा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हं चढल्यावर चालूच नका. रातपाळीनंतर आधी झोप, चालणं संध्याकाळी. मोबाइल खिशातच राहू द्या. चालून आल्यावर त्याच दिवशी थोडं हलकं वाटेल. झोपेतला फरक दिसायला काही आठवडे द्या. एखादा खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून भरपाई करू नका.

मात्र डोक्यातला आवाज म्हणजे कानात शीळ वाजल्यासारखा असेल, तर कान तपासून घ्या. मागांच्या आवाजाने कानाला झालेली इजा चालून बरी होत नाही.

प्रश्न : सासूबाई 63 वर्षांच्या, आयुष्यभर विड्या वळल्या. मधुमेह आहे. हल्ली विसरतात. चालण्याने स्मरणशक्ती सुधारते का?

उत्तर : आशा ठेवावी असा पुरावा आहे. 2011 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 120 वयस्कर माणसांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा 40 मिनिटांपर्यंत चालण्याचा व्यायाम केला. आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग त्यांच्यात सुमारे 2 टक्के वाढला. नुसते स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या उरलेल्यांत तो थोडा घटला. मात्र विसरण्यामागे बी-12 या जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडही असू शकतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीनेही बी-12 कमी होतं. म्हणून आधी रक्त तपासा.

वर्षानुवर्षं मांडी घालून बसल्याने गुडघे आखडलेले असतील. मग भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता आठ वेळा उठणं-बसणं, थोडी विश्रांती, पुन्हा आठ वेळा. चालायला त्यांच्याबरोबर जा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी नको, जवळ साखर ठेवा. घाम फुटला, हात थरथरले तर तिथेच बसवून साखर खायला द्या.

प्रश्न : नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. व्यायामाने बरं वाटतंय. गोळ्या सोडू का?

उत्तर : स्वतःहून मुळीच नाही. एकदम सोडल्यास चक्कर, बेचैनी, झोप उडणं असा त्रास होतो आणि आजार उलटू शकतो. सौम्य ते मध्यम नैराश्यात व्यायामाचा उपयोग नक्की होतो, पण मात्रा कमी कधी आणि किती करायची हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. पुढच्या भेटीला किती दिवस, किती मिनिटं चाललात ते वहीत लिहून न्या. मनात जीव द्यायचे विचार आले तर त्या भेटीची वाट पाहू नका. घरच्यांना लगेच सांगा आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416 वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.