वाचक विचारतात : विलगीकरणातल्या रुग्णावर फोनवरून देखरेख

प्रश्न : आमच्या विलगीकरण केंद्रात साठ जण आहेत. डॉक्टर सगळ्यांना दिवसातून एकदा फोन करतात. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : काहींना ते जास्त होतं आणि काहींना फार कमी पडतं. नुसते संपर्कात आलेले, लक्षणं नसलेले लोक वेगळे काढा. त्यांना प्रशिक्षित स्वयंसेवकाचा रोज एक फोन पुरतो. संसर्ग झालेल्यांना मात्र सकाळ-संध्याकाळ फोन हवा. त्यांतले साठीपुढचे, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि गरोदर स्त्रिया यांना धोक्याच्या दिवसांत तीनदा विचारावं. कोविडमध्ये हे दिवस साधारण पाचवा ते दहावा. मोजणी लक्षणं सुरू झाली त्या दिवसापासून करायची. यादीत बहुधा चाचणीची तारीख लिहिलेली असते, आणि मग सातव्या दिवसाचा रुग्ण कागदावर तिसऱ्या दिवसाचा दिसतो.

कोणत्या आकड्याला काय करायचं, हे फोन करणाऱ्यासमोर लिहून ठेवा. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला किंवा श्वास मिनिटाला २४ च्या वर गेला, की लगेच डॉक्टर. ऑक्सिजन ९० च्या खाली, श्वास ३० च्या वर, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं यांपैकी एकही दिसलं, की थेट रुग्णवाहिका. जुना फुप्फुसाचा विकार असलेल्यांचा ऑक्सिजन एरवीही कमी असू शकतो. त्यांच्या मर्यादा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी वेगळ्या ठरवून द्याव्यात. हा तक्ता नसेल तर फोन म्हणजे नुसती विचारपूस.

आणि फोन उचलला नाही तर? पंधरा मिनिटांनी पुन्हा लावा, मग शेजारच्या खाटेवरच्याला लावा, तरी पत्ता नसेल तर माणूस पाठवा. ‘झोपला असेल’ हा अंदाज महागात पडतो.

प्रश्न : ऑक्सिमीटर आधी ८८ दाखवतो, मिनिटाभराने ९७. डॉक्टरांना कोणता आकडा सांगायचा?

उत्तर : स्थिरावलेला. पाच मिनिटं शांत बसा, बोट गार असेल तर हात चोळून ऊब आणा, नखांवरचा रंग काढा, हात टेबलावर टेकवा. यंत्र लावल्यावर आकडा किमान अर्धा मिनिट हलत नसेल तरच लिहा. सोबत दिसणारे नाडीचे ठोके मनगटावर मोजून ताडून पाहा. दोन्हींत मोठा फरक असेल, तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही भरवसा नको. सगळं नीट करूनही ८८ च येत असेल, तर ‘यंत्रच बिघडलंय’ म्हणत बसू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा. सावळ्या त्वचेवर ही यंत्रं ऑक्सिजन खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतात. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा त्याचा कल बघावा : ९८, ९७, ९५ अशी दोन दिवसांतली घसरण, ९४ च्या वर असली तरी, डॉक्टरांच्या कानावर घालायची.

बसून ९५ किंवा जास्त असेल, तर एक मिनिट खुर्चीवरून उठ-बस करून पुन्हा मोजता येतं. ३ किंवा त्याहून जास्त घट म्हणजे फुप्फुसाला ताण झेपत नाही. आधीच धाप लागत असेल, हृदयविकार असेल किंवा जवळ कोणी नसेल, तर हा प्रयोग करू नका.

प्रश्न : प्रत्येक वेळी व्हिडिओ कॉलच हवा का?

उत्तर : नाही. पहिली तपासणी आणि शंका आली तेव्हाची तपासणी व्हिडिओवर, बाकी साधा फोन. व्हिडिओवर श्वास मोजायचा तर फोन कशाला तरी टेकवून ठेवा, उजेड समोरून येऊ द्या, छाती आणि पोट दोन्ही दिसू द्या, आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. मोजतोय हे रुग्णाला सांगू नका, नाहीतर तो श्वास सावरून घेतो. चित्र अडखळत असेल तर ती मोजणी सोडून द्या. शेजारच्या माणसाला मोजायला सांगा.

‘दम लागतो का?’ याला बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं. ‘संडासला जाऊन आल्यावर एक वाक्य सलग बोलता येतं का?’ असं विचारा.

प्रश्न : गोळी घेतली की ताप उतरतो. मग फोनवर ‘ताप नाही’ सांगावं का?

उत्तर : गोळीची वेळ सांगितल्याशिवाय नाही. तापमान गोळी घेण्याआधी मोजा; गरम चहा-पाणी प्यायल्यावर तोंडातलं तापमान मोजायला अर्धा तास थांबा. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे नकळत दुप्पट डोस जातो. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर मर्यादा आणखी खाली. आणि स्टिरॉइड स्वतःहून सुरू करू नका. २०२० च्या ‘रिकव्हरी’ या ब्रिटनमधल्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांना झाला, न लागणाऱ्यांना नाही.

प्रश्न : कक्षात एकच टॅब्लेट सगळ्यांत फिरतो. काय काळजी घ्यावी?

उत्तर : झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवा, पिशवीतूनही पडदा चालतो. प्रत्येक रुग्णानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या. ऑक्सिमीटरही असाच पुसायचा, बुडवायचा नाही. टॅब्लेट कक्षाबाहेर आणू नका. चार्जर आतच हवा. बोलणं सुरू करताना नाव, वय आणि खाट क्रमांक तिन्ही विचारा, कारण एका कक्षात सारख्या नावाचे दोघे सहज निघतात.