जुनं व्हिडिओ कार्ड : रंग नेमके कुठे अडतात?

शिवाजी उद्यमनगर : विंडोज ९५ आणि १ एमबीचं एस३ ट्रायो६४ कार्ड आहे. ८०० बाय ६०० ला १६ बिट रंग मिळतात, १०२४ बाय ७६८ केलं की २५६ वरच येतं. कार्ड गेलं का?

कार्ड ठणठणीत आहे, मेमरी अपुरी पडते. आडवे ठिपके गुणिले उभे ठिपके गुणिले प्रत्येक ठिपक्याचे बाइट, एवढाच हिशेब. २५६ रंगांना १ बाइट, १६ बिटला २, २४ बिटला ३. ८०० × ६०० × २ म्हणजे ९,६०,००० बाइट. १ एमबीत, म्हणजे १०,४८,५७६ बाइटमध्ये, बसतात. १०२४ × ७६८ × २ मात्र १५,७२,८६४ होतात.

कार्डावर दोन रिकामे सॉकेट असतील तर २५६ के बाय १६ च्या ४० पायांच्या दोन एसओजे (आत वळलेल्या पायांच्या) मेमरी चिप घ्या, दोन्ही मिळून आणखी १ एमबी होते. वेग आधीच्या चिपइतका किंवा जास्त हवा. चिपवरचा आकडा नॅनोसेकंदांचा, लहान तितका वेग जास्त; म्हणून ७० ऐवजी ६० लिहिलेलं चालतं, उलट नाही. पॉवर केबल काढा, चिपची खूण सॉकेटच्या खुणेशी जुळवा आणि चारही बाजूंनी सारखा दाब द्या. नंतर उभ्या पट्ट्या किंवा रंगीत ठिपके दिसले तर बहुधा चिप पूर्ण बसलेली नाही. २४ बिटची आशा मात्र धरू नका : १०२४ ला २३,५९,२९६ बाइट लागतात, ते २ एमबीतही मावत नाहीत.

जयसिंगपूर : सगळा स्क्रीन पिवळा दिसतो. ड्रायव्हर बदलून पाहिला.

ड्रायव्हरचा दोष नाही, निळा सिग्नल तुटलाय. मॉनिटरच्या केबलच्या व्हीजीए प्लगमध्ये पिन १ लाल, २ हिरवी, ३ निळी. लाल गेला तर आकाशी झाक येते, हिरवा गेला तर जांभळट गुलाबी. प्लग तिरका घुसवल्याने पिन ३ वाकली असेल, चिमट्याने हळूच सरळ करा. ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते, तिच्यामागे लागू नका. दुसऱ्या केबलनेही तेच दिसलं तर तो मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहा. तिथे रंग नीट आले तर कार्डावरच्या कनेक्टरचे टाके पुन्हा सोल्डर करून घ्या.

इचलकरंजी : व्हीजीए या डिस्प्ले पद्धतीला २,६२,१४४ रंग म्हणतात, तरी कापडाच्या डिझाइनमधल्या राखाडी छटांत पट्टे दिसतात.

व्हीजीएत लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी ६४ पातळ्या; ६४ × ६४ × ६४ म्हणून तो आकडा. एका वेळी त्यातले २५६ च निवडता येतात. राखाडीत तिन्ही पातळ्या समान लागतात, म्हणून छटा फक्त ६४. १६ बिटला गेलात तर पट्टे वाढतील, कारण तिथे लाल आणि निळ्याला ३२ च पातळ्या असतात. २४ बिट घ्या. ६४० बाय ४८० ला ते ९,२१,६०० बाइट होतात, त्यामुळे २४ बिट देणारं १ एमबीचं कार्डही पुरतं.