पाच दिवसांच्या उन्हाळी शिबिरात (नाशिक, 40 मुलं) समूहगीतं किती घ्यावीत, कशी शिकवावीत?

तीनच घ्या. मुलांना कागद देऊ नका, नजर त्यातच अडकते. आधी फक्त ध्रुवपद: तुम्ही एक ओळ म्हणा, मुलं तीच परत म्हणतील. कडवं रोज एकच.

हमखास चुकतो तो सूर. शिकवणारे दादा आपल्या सोयीने काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) सुरू करतात, मग लहान मुलं खर्जात नुसती पुटपुटतात. काळी चार-पाच धरा. टाळ्यांनी लय पळतेच, म्हणून ठेक्यासाठी डफ एकाच्याच हाती ठेवा.

पांडवलेणीच्या (नाशिकजवळच्या डोंगरातली लेणी) पायऱ्या चढताना गाऊ नका, दम लागतो. उतरताना खुशाल.

जुनी गाणी दरवर्षी बदलू नका. गेल्या वर्षीची मुलंच नव्यांना शिकवतात, तुमचं अर्धं काम तिथेच होतं.