परदेशात समुद्रात पुतळे सोडले की प्रवाळ वाढतात, मग आम्ही गणपती सोडला की प्रदूषण कसं?

हा प्रश्न दर गणपतीत आमच्या दुकानात कुणी ना कुणी विचारतंच. मी कोल्हापूरचा, बापट कॅम्पातला, घरचा धंदा मूर्तींचा. शाडू, प्लास्टर, सिमेंट, तिन्हीत हात घातलेत, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतोय.

आधी प्लास्टर. ते म्हणजे जिप्सम. पाण्यात विरघळतच नाही असं लोक म्हणतात, ते अर्धं खरं. विरघळतं, पण इतकं सावकाश की तोवर पुढचा गणपती येतो. विसर्जनानंतर आठवड्याने एखाद्या खणीच्या काठाला जाऊन बघा. सोंड एकीकडे, पाट एकीकडे, मोडलेल्या दंडातून काथ्या लोंबतोय. वरून बोट फिरवलं की पांढरा लगदा हाताला येतो. प्रवाळ म्हणजे समुद्रात तळाला चिकटून वाढणारा जीव. त्याची अळी असते टाचणीच्या टोकाएवढी, आणि एकदा चिकटली की जन्मभर तिथंच. जिची कातडी रोज सुटते त्या मूर्तीवर ती बसणार कशी? वर रंग आहेतच. आणि आपली पंचगंगा गोड्या पाण्याची, गाळाची. तिथं संगमरवराची मूर्ती सोडलीत तरी प्रवाळ येणार नाही. त्याला खारं, उबदार पाणी लागतं, आणि तळापर्यंत ऊन.

आता तुम्ही ज्या पुतळ्यांबद्दल वाचलंय ते बहुतेक जेसन डिकेअर्स टेलर या ब्रिटिश शिल्पकाराचे. 2006 मध्ये त्याने कॅरिबियन समुद्रात, ग्रेनाडाच्या किनाऱ्याजवळ, हातात हात धरून गोल उभी असलेली 26 मुलं तळाशी ठेवली. पुढे मेक्सिकोत कानकूनजवळ तर 400 हून जास्त माणसांचा घोळका उभा केला. मूळ प्रवाळावर डायव्हिंगवाल्यांची इतकी गर्दी व्हायची, की त्यातली थोडी पुतळ्यांकडे वळवावी हाही तिथला हेतू होता. मला ही अक्कल आवडली.

सगळी मेख मालात आहे. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं, हाताला चावतं ते त्यामुळंच. म्हणून ते लोक पाण्याचा सामू (pH) न बिघडवणारं खास सागरी सिमेंट वापरतात. जागा वाळूची निवडतात, जिवंत प्रवाळावर पुतळा ठेवत नाहीत. वादळात हलू नये म्हणून वजन दणदणीत. माशांना, शेवंडांना लपायला कपारी. आधी शेवाळ येतं, मग स्पंज, प्रवाळ निवांत वर्षानुवर्षं. पुतळ्याचं नाक-डोळं कळेनासं झालं की समजायचं काम जमलं. अर्थात समुद्र तापला तर पुतळ्यावरचं प्रवाळही पांढरं पडतं, तिथं कलाकाराचं काही चालत नाही.

नुसतं टाकलं म्हणून खडक होत नाही, हे अमेरिकेने टायर टाकून शिकून घेतलंय. 1970 च्या दशकात फ्लोरिडाजवळ सुमारे 20 लाख जुने टायर माशांना घर म्हणून सोडले. बांधलेले पट्टे तुटले, टायर लाटांबरोबर लोळायला लागले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आपटले. पुढे ते काढायला पाणबुडे उतरवावे लागले.

आपल्याकडं सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात 'आयएनएस गुलदार' ही निवृत्त युद्धनौका बुडवून त्या पुतळ्यांसारखंच माशांना, प्रवाळाला घर करून द्यायची योजना आखली गेली. मालवणात खडकावरून कालवं काढणाऱ्या बायका बघितल्यात? कोयतीने ठोकल्याशिवाय सुटत नाहीत. कालव असो की प्रवाळ, असं धरून बसायला खालची पाठ खरबरीतच लागते, म्हणून समुद्रातले ते पुतळेही खडबडीत असतात.

आमच्याकडं नेमकं उलटं. सिमेंटच्या पुतळ्याला घासकागद मारून मारून गालावरून माशी घसरेल असं फिनिशिंग काढायचं, ही आमच्या काकांची शिकवण. पाण्याखालच्या त्या खडबडीत पुतळ्यांचे फोटो त्यांना मोबाईलवर दाखवले, तर चष्मा वर करून म्हणाले, "काम अर्धं टाकून पळाला काय रे ह्यो?"