लंडनमधून चार बॅगा घेऊन हीथ्रो विमानतळावर ट्यूबने, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेने, जाता येईल का, की टॅक्सीच करावी?

रसेल स्क्वेअरला हॉटेल, नवरा-बायको दोघं, २३ किलोच्या चार बॅगा, रात्री नऊचं मुंबईचं विमान, आणि ज्याला विचारावं तो "टॅक्सी करा" म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. हे "टॅक्सी करा" ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझे साडू दर खेपेला हेच सांगतात. संध्याकाळी चारनंतर लंडनच्या पश्चिमेकडचा रस्ता कसा तुंबतो ते त्यांना ठाऊक आहे, तरी सांगतात. वर २०२१ पासून हीथ्रोच्या टर्मिनलच्या दारात गाडी उभी केली की वेगळं शुल्क लागतं, तेही शेवटी तुमच्याच बिलात येतं.

तर जाता येतं. फक्त हॉटेलसमोरच्या स्टेशनात शिरू नका.

रसेल स्क्वेअर पिकॅडिली लाइनवर आहे आणि तीच लाइन थेट हीथ्रोला जाते. त्यामुळे हॉटेलवाले सांगणार, समोरून बसा, बदलायची भानगड नाही. पण तिथल्या लिफ्टने खाली गेलात तरी फलाटापर्यंत पुन्हा पायऱ्या आहेत. दोन माणसं आणि चार बॅगा म्हणजे दोन फेऱ्या, आणि त्या वेळात अर्धं सामान वर बेवारस. लंडनच्या स्टेशनात बेवारस बॅग ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको. कोव्हेंट गार्डन, लेस्टर स्क्वेअर हीही याच लाइनवरची स्टेशनं, सामानासाठी तीही नकोत. पिकॅडिलीनेच जायचं असेल तर चाकांवर बॅगा ओढत पंधरा-वीस मिनिटं चालून किंग्ज क्रॉसला जा. तिथे रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट आहेत. सलग एकच लिफ्ट नाही, मध्ये बदलावी लागते; व्हीलचेअरचं चिन्ह दिसेल तिकडे वळत राहायचं आणि सरकत्या जिन्यांच्या गर्दीमागे जायचं नाही.

चार बॅगा असतील तर मी मात्र एलिझाबेथ लाइनच सांगेन, हीथ्रोला जाणारी दुसरी, नवी रेल्वे लाइन. तीही तेवढंच चालून टॉटनहॅम कोर्ट रोडहून पकडा. फलाट आणि डब्याचा तळ एका पातळीत, डबे रुंद, एसी चालू. पिकॅडिलीच्या जुन्या गाड्या १९७३ च्या बनावटीच्या आहेत, त्यांत एसी नाही. दाराजवळ बॅगांपुरती जागा असते, पण चारनंतर तिथे माणसं उभी असतात. वेळ बघा: टॉटनहॅम कोर्ट रोडहून टर्मिनल २-३ पर्यंत साधारण ३५ मिनिटं, किंग्ज क्रॉसहून पिकॅडिलीने तासाच्या आसपास. भाडं २०२५ च्या दरांनी माणशी १३.९० विरुद्ध ५.८० पौंड. दुपटीहून जास्त का, तर हीथ्रोकडे वळणारा रेल्वेचा बोगदा विमानतळाच्या मालकीचा आहे, आणि तो वापरायचे पैसे भाड्यातून निघतात. दोघांचा फरक १६.२० पौंड होतो. चार बॅगांसाठी मी तो डोळे मिटून देईन. एकटा माणूस आणि एक बॅग असेल तर देणार नाही. पॅडिंग्टनहून सुटणारी हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पोचवते, पण ऐनवेळी टॅप करून, म्हणजे गेटवर कार्ड किंवा फोन टेकवून, चढलात तर २०२५ मध्ये माणशी २५ पौंड होते. आधी पॅडिंग्टन गाठायचं ते वेगळंच. आगाऊ तिकीट स्वस्त मिळतं, तरी रसेल स्क्वेअरच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

आता टॅपचं. सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि हे कुणी धड सांगत नाही. आत शिरताना जे टेकवलं, बाहेर पडताना तेच टेकवायचं. साडूंनी एकदा, त्यांच्या सुदैवाने त्या दिवशी टॅक्सी मिळाली नव्हती, किंग्ज क्रॉसला फोन टेकवला. हीथ्रोला फोन जॅकेटच्या आतल्या खिशात आणि दोन्ही हातांत बॅगा, म्हणून पाकिटातलं कार्ड टेकवलं. तेच बँक खातं, तोच कार्ड नंबर. पण फोनमधलं कार्ड यंत्रणेला वेगळं दिसतं, कारण फोन स्वतःचा निराळा क्रमांक पाठवतो. म्हणजे फोनचा प्रवास सुरू झाला तो संपलाच नाही, आणि कार्डाचा संपला तो कधी सुरूच झाला नव्हता. दोन अर्धवट प्रवास, दोन्हींवर कमाल भाडं. गेट उघडलं होतं, त्यामुळे काही बिनसलंय हे त्यांना मुंबईत स्टेटमेंट बघेपर्यंत कळलं नाही. अर्धवट प्रवासाची दुरुस्ती ऑनलाइन मागता येते, पण साडू "म्हणूनच टॅक्सी" यावर अडून बसले ते बसलेच.

हीच गोष्ट तुमच्या कामाला येईल. एका कार्डावर दोन माणसं जात नाहीत, प्रत्येकाचं स्वतंत्र टॅप लागतं. तुमच्याकडे चालणारं कार्ड एकच असेल तर एकाने प्लास्टिकचं कार्ड टेकवा, दुसऱ्याने तेच कार्ड घातलेला फोन. शेवटपर्यंत अदलाबदल नको. कार्ड व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेक्सचं हवं. रुपे तिथे चालत नाही. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही बँकेच्या अॅपमधून सुरू करावे लागतात, रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे. एक चालू आणि दुसरं बंद असेल तर गेटवर लाल दिवा लागतो आणि मागे रांग खोळंबते. हे आजच तपासा. फक्त या एका फेरीसाठी ऑयस्टर, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवासाचं कार्ड, घेऊ नका, त्या कार्डाची किंमत परत मिळत नाही. बॅगा असल्या की कडेचं रुंद गेट. आधी टॅप, मग बॅग; उलट केलंत तर बॅग आत आणि तुम्ही बाहेर.

गाडीच्या पाटीवर नाव नीट वाचा. एलिझाबेथच्या त्याच फलाटावर रेडिंग आणि मेडनहेडच्याही गाड्या येतात. चुकून तसल्या गाडीत बसलात तर हेज अँड हार्लिंग्टनला उतरा आणि मागून येणारी हीथ्रोची पकडा, घाबरण्यासारखं काही नाही. पिकॅडिलीवर अक्सब्रिजची किंवा रेनर्स लेनची गाडी मिळाली तर अॅक्टन टाउनला उतरायचं, कारण फाटा त्याच्या पुढे फुटतो. टर्मिनल तिकिटावर बघा. एअर इंडिया सहसा २, व्हर्जिन ३, ब्रिटिश एअरवेज बहुतेक ५. आखातातून जाणाऱ्या बऱ्याच कंपन्या ४ ला असतात. २ आणि ३ चं स्टेशन एकच आहे, पुढे भुयारी वाटेने दहा मिनिटं धरा. पिकॅडिलीची टर्मिनल ४ ची गाडी तिथे थोडी थांबून मग २-३ ला येते, त्यामुळे २-३ वाल्यांनी तीत नुसतं बसून राहिलं तरी चालतं. टर्मिनल ५ ची गाडी मात्र ४ ला जात नाही. ४ ला जायचं असेल तर हॅटन क्रॉसला उतरून बदला.

कधी निघायचं? रात्री नऊच्या विमानासाठी हॉटेल चारला सोडा. पाच-सव्वापाचला टर्मिनलमध्ये असाल आणि ऑफिस सुटल्याची खरी गर्दी मागे राहील. पर्यटकांना खरेदीवर मिळणारा व्हॅटचा, म्हणजे विक्रीकराचा, परतावा २०२१ पासून बंद आहे, त्याच्या रांगेसाठी वेगळा तास धरू नका.

शनिवार-रविवार असेल तर हे सगळं आदल्या दिवशी टीएफएल गो या लंडनच्या वाहतूक खात्याच्या अॅपवर ताडून बघा, कारण दुरुस्तीसाठी लाइनचे तुकडे शक्यतो सुट्टीच्याच दिवशी बंद ठेवतात. संपाच्या दिवशी तर माझं काहीच ऐकू नका. आणि साडूंसाठी एवढं कबूल करतो, चार माणसं, आठ बॅगा आणि पहाटे सहाचं विमान असेल तर टॅक्सी. शुक्रवार-शनिवारच्या रात्री पिकॅडिली रात्रभर धावते, पण टर्मिनल ४ ला जात नाही. बाकीच्या रात्री एन-९ ही बस आहे, पण आठ बॅगा घेऊन तीत चढायचं साडूंना सांगायची माझी हिंमत नाही.