दक्षिण आफ्रिकेतून लेसोथो या डोंगराळ देशात चढणारा सानी पास हा घाट साध्या गाडीने चढता येतो का? आणि उतरताना ब्रेक टिकतात का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सीमा ठाण्यावरून लेसोथोकडे वर जायला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडीच लागते आणि ती अट रास्त आहे. मुळात ही खेचरांची वाट. लेसोथोतले बासोथो लोक लोकर लादून इथून खाली दक्षिण आफ्रिकेच्या नाताल प्रांतात उतरायचे. 1948 साली गॉडफ्रे एडमंड्स यांनी पहिल्यांदा जीप वर चढवली. माथा सुमारे 2,876 मीटरवर आहे. शेवटची वळणं इतकी आवळलेली आहेत की लांब गाडीला एका झटक्यात वळताच येत नाही. थोडं मागे घेऊन पुन्हा वळवावी लागते.

पण खरी काळजी उतरण्याची. चढताना इंजिन दमतं, उतरताना ब्रेक जळतात. माथ्यावर थांबूनच लो रेंज (फोर बाय फोरमधला कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर संच) लावा, पहिला गिअर टाका आणि ब्रेकवरून पाय काढा. गाडी इंजिनाच्या जोरावर रांगत उतरते. सुरुवातीला भीती वाटते, पण तेच बरोबर आहे. सुट्ट्या खडीवर ब्रेक जोरात दाबलात तर चाकं जाम होतात आणि गाडी घसरत दरीकडे सरकते. करपल्यासारखा वास आला तर जागा बघून थांबा, ब्रेक निवू द्या. खालून गाडी येत असेल तर तिला आधी जाऊ द्या. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं फार कठीण.

जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा. सावलीतल्या वळणांवर बर्फ गोठतो, तेव्हा चाकांना लावायची बर्फाची चेन नसेल तर जाऊच नका. पासपोर्ट जवळ हवा, आणि दोन्ही ठाणी बंद व्हायच्या वेळा निघण्याआधी विचारून घ्या.